अक्षरे वर आणणारा दगड

प्रश्न : छापील कागदावर ठेवलेल्या एका पांढऱ्या दगडाच्या वरच्या पृष्ठावर खालची अक्षरे उमटलेली पाहिली. हे कसे घडते? असा दगड धुतला तर चालेल का?

उत्तर : आपण पाहिलेले खनिज युलेक्साइट असावे. सोडियम, कॅल्शियम, बोरॉन आणि पाणी यांचे हे संयुग कोरड्या प्रदेशांतील खारी सरोवरे आटताना तयार होते. कॅलिफोर्नियातील बोरॉन या गावाजवळच्या खाणीत त्याचे तंतू एकमेकांना घट्ट चिकटून समांतर वाढलेले आढळतात; त्यांना आडवा छेद देऊन दोन्ही बाजूंना झिलई केली की प्रत्येक तंतू आत शिरलेला प्रकाश अंतर्गत परावर्तनाने दुसऱ्या टोकापर्यंत पोहोचवतो आणि खालचे चित्र वरच्या पृष्ठावरच असल्यासारखे दिसते. निसर्गाने घडवलेला हा प्रकाशतंतूंचा जुडगा मला खनिजविश्वातील एक विलक्षण गोष्ट वाटते. मात्र छेद तिरपा असेल किंवा झिलई नसेल, तर हा परिणाम मिळत नाही.

कॅलिफोर्नियातीलच डेथ व्हॅली या वाळवंटी दरीत हेच खनिज कापसाच्या बोंडांसारख्या मऊ गोळ्यांच्या रूपात सापडते, आणि 1880च्या दशकात तेथे त्यापासून बोरॅक्स (टाकणखार) काढीत असत.

खनिजांची कठिणता 1 ते 10 अशा अंकांत सांगणाऱ्या मोह्स मापनावर युलेक्साइटची कठिणता सुमारे 2.5 असल्याने त्यावर सहज ओरखडे पडतात. गरम पाण्यात त्याचे विघटन होते. म्हणून तो धुऊ नये, कोरड्या मऊ कापडाने पुसावा.