इच्छा गेली, प्रेम नाही

"मॅडम, यांचं माझ्यावरचं प्रेम संपलं का?" हा प्रश्न माझ्याकडे वारंवार येतो. या वेळी विचारणारीचा नवरा काही महिन्यांपासून नैराश्यावर गोळ्या घेत होता. झोप सुधारली होती, तो कामावर जात होता, मुलांशी हसून बोलत होता. फक्त रात्री पाठ फिरवून झोपायचा. "सगळ्यांसाठी बरे झाले, माझ्यासाठीच नाही," म्हणताना तिला रडू आवरेना.

तो नंतर एकटा आला. बराच वेळ इकडचंतिकडचं बोलून म्हणाला, "इच्छाच होत नाही. झाली तरी शेवटापर्यंत जमत नाही. तिला काय सांगू? म्हणून टाळतो." तिला दुखवायचं नाही म्हणून टाळायचं आणि ती दुखावायची त्या टाळण्यानेच! हे पाहताना मला फार वाईट वाटतं.

नैराश्यातही इच्छा मंदावते, म्हणून मी आधी काळ विचारला. ओढ आजारपणातच कमी झाली होती. शेवटापर्यंत न पोचणं मात्र गोळ्या सुरू झाल्यावरचं. त्याचं औषध एसएसआरआय या नैराश्यावरच्या औषधांच्या गटातलं होतं. या औषधांनी मेंदूच्या पेशींमधल्या फटीत सेरोटोनिन हे निरोप पोचवणारं रसायन जास्त काळ टिकतं. मन सावरायला त्याची मदत होते, पण लैंगिक उत्तेजनेला तेच सेरोटोनिन लगाम घालतं. ओढ जागवणाऱ्या डोपामिन या दुसऱ्या रसायनाचा जोरही त्याने कमी होऊ शकतो. सेरोटोनिनच्या लगाम घालण्याच्या याच गुणामुळे त्या गटातलं डॅपॉक्सेटिन शीघ्रपतनावर मुद्दाम दिलं जातं. हे ऐकून तो सैलावला. आपण पुरुष म्हणून संपलो, असंच तो धरून चालला होता.

"मग आजपासून गोळी बंद करतो," तो म्हणाला. मी ठामपणे नाही म्हटलं. अचानक थांबवलं तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते, आजारही उलटू शकतो. डोस कमी करणं किंवा औषध बदलणं, उदाहरणार्थ नैराश्यावरचंच पण वेगळ्या गटातलं ब्युप्रोपिऑन देणं, हे मानसोपचारतज्ज्ञांनीच ठरवायचं.

पुढच्या वेळी दोघं आले. त्याने हे सगळं तिला स्वतः सांगितलं. डॉक्टरांचा निर्णय होईपर्यंत संबंधांची सक्ती न ठेवता फक्त जवळ झोपायचं, मिठी मारायची, असं ठरलं. अशा स्पर्शाने जवळीक टिकते, परीक्षेचा ताणही राहत नाही.

तुमच्या घरात असं असेल तर डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका. बोलायला संकोच वाटला तर कागदावर लिहून द्या. ही तक्रार त्यांना नवी नसते.