आठवीच्या मुलांचे प्रकल्प आणि निबंध गुगल साइट्सवर कसे ठेवावेत?

तुमचा प्रश्न असा आहे : वर्गात 40 मुलं, शाळेत संगणक कक्ष, घरी फक्त पालकांचे फोन. अशा वेळी प्रत्येक मुलाचा डिजिटल पोर्टफोलिओ (निवडक कामांचा संग्रह) गुगल साइट्सवर, म्हणजे गुगलच्या संकेतस्थळ बनवण्याच्या साधनावर, करता येईल का, आणि त्यात नेमकं काय ठेवावं?

करता येईल, आणि साइट्स पुरेसं आहे. मात्र सगळ्या वर्गाची एकच साइट करून 40 पानं जोडू नका. ज्याला संपादनाचा हक्क दिला, तो सहसा सगळ्यांच्याच पानांत हात घालू शकतो आणि एखाद्याचं पान चुकून पुसलं जातं. तुम्ही एक नमुना साइट बनवा, प्रत्येक मुलासाठी तिची प्रत काढा आणि ती फक्त त्या मुलाला व तुम्हाला संपादनासाठी खुली ठेवा. नमुन्यात गुगल ड्राइव्हवरची (गुगलच्या ऑनलाइन साठवणीतली) फाइल जोडली असेल तर प्रतीतही तीच मूळ फाइल दिसत राहते. म्हणून नमुन्यात फक्त शीर्षकं आणि रिकाम्या जागा ठेवा.

पानं बांधायचं काम संगणकावरच करावं लागेल, साइट्सचं संपादन फोनवर नीट होत नाही. फोनचा उपयोग फोटो काढून ड्राइव्हवर चढवण्यापुरता. वहीचं पान खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फोन अगदी वरून सरळ धरून टिपा. पेन्सिलचं लिखाण पिवळ्या दिव्याखाली पुसट येतं. वहीचं एखाददुसरं पान चित्र म्हणूनच साइटवर टाका. पीडीएफ जोडली की ती फोनवर छोट्या चौकटीत उघडते आणि आजी-आजोबांना वाचता येत नाही.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो परवानग्यांचा. साइट सार्वजनिक केली म्हणजे तिच्यात जोडलेली ड्राइव्हवरची फाइल, तक्ता किंवा ध्वनिमुद्रण आपोआप खुलं होतंच असं नाही. तुमच्या संगणकावर सगळं दिसतं, कारण तुम्ही लॉगिन केलेलं असतं. पालकांना मात्र परवानगी मागणारी पाटी दिसते. उपाय सोपा आहे : 'प्रकाशित' नावाचा एकच फोल्डर करा, त्याला लिंक असणाऱ्या कोणालाही फक्त पाहण्याची मुभा द्या आणि साइटवर जायच्या फाइली तिथेच ठेवा. गुणपत्रकं, हजेरी, पालकांचे फोन क्रमांक या फोल्डरच्या आसपासही येऊ देऊ नका. मग इन्कॉग्निटो खिडकीत (ब्राउझरची खासगी खिडकी, जिथे तुम्ही लॉगिन नसता) साइट उघडून प्रत्येक फाइल तपासा. तिथेही उघडली नाही आणि खाती शाळेची असतील, तर बहुधा शाळेच्या ॲडमिनने (खाती सांभाळणाऱ्या व्यक्तीने) बाहेर शेअर करणं बंद ठेवलेलं असतं. ते त्यांच्याकडूनच सुरू करून घ्यावं लागतं. दुसरी नेहमीची तक्रार म्हणजे 'बदल केला पण दिसत नाही'. साइट्स मसुदा आपोआप जतन करतं, पण पुन्हा 'पब्लिश' दाबल्याशिवाय बाहेरच्यांना जुनंच पान दिसतं.

मराठी मजकुराचं वेगळं दुखणं आहे. शाळेतले जुने दस्तऐवज कृतिदेव किंवा श्रीलिपी या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले असतील, तर साइटवर चिकटवताच त्यांची अर्थहीन चिन्हं होतात. ते युनिकोडमध्ये (सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) रूपांतरित करा आणि रफार, जोडाक्षरं, 'ऱ्य'सारखी ठिकाणं डोळ्यांनी तपासा, तिथे रूपांतर हमखास चुकतं. मुलांना नव्यानं लिहायचं असेल तर गुगल डॉक्समध्ये बोलून टाइप करणं वेगानं होतं, विरामचिन्हं मात्र नंतर हातानं घालावी लागतात.

आता आत काय ठेवायचं. माझं ठाम मत आहे की एका सत्रात 4 ते 5 कामं पुरेत, आणि ती मुलानं स्वतः निवडावीत. सगळं चढवलं की पोर्टफोलिओचं गोदाम होतं. प्रत्येक कामाशेजारी त्याचा कच्चा मसुदा हवाच. मटकीला मोड आणण्याचा प्रयोग असेल तर रोजचे फोटो, लांबीचा तक्ता आणि ज्या वाटीतल्या मटकीला वास आला तिचाही फोटो ठेवा. त्याखाली मुलानं स्वतःच्या शब्दांत 80-100 शब्द लिहावेत : मी काय केलं, दुसऱ्या वेळी काय बदललं आणि का, अजून काय जमलेलं नाही. 'मला खूप आनंद झाला, खूप शिकायला मिळालं' अशी वाक्यं आली तर प्रेमानं परत पाठवा आणि विचारा, नेमकं कोणतं वाक्य बदललंस? शिकणं खरं तर त्या उत्तरात दिसतं. गुण आणि शेरे सार्वजनिक पानावर नकोत.

ओळखीच्या बाबतीत काटेकोर राहा. साइटच्या पत्त्यात आणि पानावर पूर्ण नाव, शाळेचं नाव, गणवेशातला चेहरा हे एकत्र येऊ देऊ नका. पहिलं नाव किंवा टोपणनाव पुरे. फोनच्या कॅमेऱ्यातलं स्थान नोंदवणं आधीच बंद करा. प्रकाशन करताना सर्च इंजिनांना साइट न दाखवण्याची विनंती करणारा पर्याय असतो, तो निवडा. पण तेवढ्यानं साइट खासगी होत नाही, लिंक पुढे गेली की कोणीही पाहू शकतं. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, 2023 हा 18 वर्षांखालील प्रत्येकाला बालक मानतो. म्हणून पालकांची संमती कागदावर घ्या आणि त्यात लिखाण, फोटो, आवाज यांसाठी हो-नाहीच्या वेगळ्या चौकटी ठेवा. एखाद्या पालकांनी फोटोला नकार दिला तरी त्या मुलाचा निबंध तर ठेवता येतो.

इंटरनेटवरून घेतलेली चित्रं शक्यतो टाळा. लागलीच तर विकिमीडिया कॉमन्स या मुक्त परवान्याच्या चित्रसंग्रहावरून घ्या आणि चित्राखाली निर्मात्याचं नाव व परवाना लिहा. मुलानं हातानं काढलेली आकृती त्याहून केव्हाही बरी.

शाळेची खाती मूल शाळा सोडून गेल्यावर बहुतेक ठिकाणी बंद होतात आणि त्यांच्यासोबत साइटही जाते. त्यामुळे दरवर्षी एप्रिलमध्ये प्रत्येक पान पीडीएफ म्हणून छापून घ्या, मूळ फोटो आणि ध्वनिमुद्रणांसह पेन ड्राइव्हवर टाका आणि ती प्रत पालकांच्या हातात द्या.