मित्र पट्टीचे, आपण नवखे: स्कीइंगच्या पहिल्या सहलीविषयी तुमचे प्रश्न

आम्ही पाच जण चाललोय. चौघांना स्कीइंग सरावाचं आहे, मी पहिल्यांदाच. "क्लास कशाला, आम्ही शिकवतो की," असं ते म्हणतात. ऐकू का?

नका ऐकू. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही, पण एखादी गोष्ट अंगवळणी पडली की ती कशी जमते हे सांगणं अवघड होऊन बसतं. ते म्हणतील, "गुडघे वाकव." तुम्ही गुडघे वाकवाल आणि खुर्चीत बसल्यासारखं बूडही मागे टाकाल. वजन टाचांवर गेलं की स्कीची पुढची टोकं हलकी होतात, वळायचं नाव घेत नाहीत आणि वेग मात्र वाढत जातो. प्रशिक्षक आधी बघतो ते तुमच्या नडग्यांकडे: त्या बुटाच्या जिभेवर पुढे दाबलेल्या आहेत का? बाकीचं नंतर.

निदान पहिले तीन दिवस सकाळी क्लास, दुपारी मित्र. आणि मित्र "निळ्या उतारावर जाऊ" म्हणाले तर कुठला निळा ते विचारा. युरोपात निळा म्हणजे सोपा, उत्तर अमेरिकेत निळा चौकोन म्हणजे मध्यम. तिथे सोप्याला हिरवा गोल असतो.

भाड्याचे बूट फार घट्ट लागतात असं ऐकलंय. एक नंबर मोठे घेऊ?

निम्म्या सहली इथेच बिघडतात. ताठ उभं राहिल्यावर बोटं पुढे टेकली तर घाबरू नका. बकल लावा, नडगी पुढे दाबा. बोटं जराशी मागे सरकली की माप बरोबर. तरीही चेंगरत असतील तर बूट बदला. शंका असेल तर आतलं अस्तर काढून नुसत्या कवचात पाय घाला, बोटं पुढे टेकवा. टाचेमागे हाताची एक ते दोन बोटं मावायला हवीत. नंबर सेंटिमीटरमध्ये असतो, म्हणून पाऊल घरीच मोजून जा. मोजे एकच जोड, पातळ आणि लांब. दोन जोड घातले की सुरकुत्या पडून फोड येतात, शिवाय रक्त अडून पाय जास्तच गारठतात.

दुकानात एक फॉर्म भरून घेतात: वजन, उंची, वय, कौशल्य. पडल्यावर बूट स्कीपासून किती जोराला सुटायचा, ते यावरून ठरतं. मित्र शेजारी उभे आहेत म्हणून 'नवशिका'वर खूण करायला लाजू नका. बाइंडिंग (बूट स्कीवर धरून ठेवणारी पकड) गरजेपेक्षा घट्ट बसलं तर स्की सुटत नाही आणि पीळ थेट गुडघ्याला बसतो. वजनही खरं सांगा, चारचौघांत सांगावं लागलं तरी!

दोन महिने हातात आहेत. मी रोज तासभर चालते. पुरेल ना?

दमासाठी पुरेल, मांड्यांसाठी नाही. स्कीवर वाकलेल्या पायांनी सतत ब्रेक मारायचा असतो. भिंतीला पाठ टेकून हवेत 'बसा', ३० सेकंदांपासून सुरुवात करा. जिने सावकाश उतरा. चढण्यापेक्षा उतरणं इथे कामाचं. दात घासताना एका पायावर उभ्या राहा.

माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होईल, याचीच धास्ती आहे.

मग निघण्याआधीच ठरवा: अमुक वाजता अमुक लिफ्टच्या (उतारावर वर नेणाऱ्या पाळण्यांच्या) पायथ्याशी भेटायचं, तोवर कुणी कुणासाठी थांबायचं नाही. माझ्या पहिल्या सहलीत माझ्या चार मित्रांनी "सोपाय रे" म्हणत मला लाल उतारावर (युरोपात निळ्यापेक्षा अवघड) नेलं होतं. अर्धा उतार मी बसूनच उतरलो, आणि ते चौघे खाली उभे राहून थंडीने काकडले. असं काही झालंच तर स्की काढा आणि कडेकडेने चालत उतरा, किंवा लिफ्टवाल्याला विचारून लिफ्टनेच खाली या. थांबायचं ते कडेला. उंचवट्याच्या खाली, वरच्यांना दिसणार नाही अशा जागी कधीच नाही. टक्कर टाळणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी असते. मागून कुणी घोंघावत गेलं तर तुम्ही दचकून दिशा बदलू नका.

ढगाळ दिवशी गॉगल नसला तर चालेल?

नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो आणि ढगांतूनही ते किरण येतातच. फक्त काच फिकट निवडा. गडद काचेतून त्या करड्या उजेडात समोरचा खड्डा दिसतच नाही.