बेल्जियन एलमध्ये कोल्हापुरी गूळ किती?

प्रश्न : मी बेल्जियममध्ये घेंटला नोकरी करतो, सुट्टीला शाहूपुरीत घरी आलोय. तिकडे आम्ही मित्र मिळून डुबेल (गडद रंगाची बेल्जियन एल बिअर) बनवतो. मागच्या खेपेला 20 लिटरला 5 किलो माल्ट आणि कँडी साखरेऐवजी दीड किलो गूळ घातला. चव खारट, थिनरसारखा वास, आणि बाटली उघडताच फेस उसळला. परत जाताना गूळ नेऊ का?

उत्तर : जरूर न्या, पण 20 लिटरला 500 ग्रॅमच्या वर घालू नका. गुळातले क्षार आंबवल्यावरही तसेच राहतात, खारटपणा त्यांचाच. चकचकीत पिवळी ढेप टाळा, हायड्रॉस (गुळाचा रंग उजळवणारं रसायन) न घातलेला काळपट गूळ घ्या. गरम वर्ट (माल्टचं गोड पाणी) थोडं बाजूला काढून त्यात विरघळवून फडक्यातून गाळा (चिपाडाचे कण निघतातच) आणि उकळीच्या शेवटच्या 10 मिनिटांत घाला. खडा तसाच टाकला तर तळाला करपतो.

थिनरच्या वासाचं कारण बहुतेक वेळा तापमान असतं. यीस्ट 18 अंशांना घाला, पहिले दोन दिवस 20 च्या आत ठेवा, मग हळूहळू 23 पर्यंत जाऊ द्या. तापमान पिंपालाच लावून मोजा. आतला माल खोलीपेक्षा 3-4 अंश गरम असतो.

फेस उसळला म्हणजे बहुधा आंबणं पुरं व्हायच्या आत बाटल्या भरल्या. हायड्रोमीटरचा (घनता मोजायच्या नळीचा) आकडा तीन दिवसांच्या अंतराने तोच आला, साधारण 1.012 च्या आसपास, की मगच भरा. बाटलीत फेस यायला भरताना लिटरला 7 ग्रॅम साखर पुरे. उरलेल्या बाटल्या आजच फ्रिजमध्ये ठेवायला मित्रांना कळवा, फुटू शकतात.

हा प्रयोग कोल्हापुरात मात्र करू नका. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी मद्य बनवणं गुन्हा आहे.