माफ केलं, मग विचारायचं नाही का?

"मी तिला माफ केलंय हो. पण ती उपासनेला आली की मला प्रभुभोजन (चर्चमधला भाकर-द्राक्षरसाचा विधी) घ्यावंसं वाटत नाही."

चर्चच्या मंडळीतून माझ्याकडे समुपदेशनाला येणारी माणसं हेच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत बोलतात. पोटातला प्रश्न एकच असतो: क्षमा करा अशी बायबलची आज्ञा आहे, मग जाब विचारायचा की नाही?

ओळख पटू नये म्हणून तपशील बदलून ही एक हकिगत सांगतो. महिला मंडळातल्या बाराजणींची भिशी, महिना दोन हजारांची. एकीने तिसऱ्या महिन्यात २४,००० उचलले, सहा हप्ते भरले आणि थांबली. उरलेले सहा हप्ते, म्हणजे १२,००० रुपये, भिशी चालवणाऱ्या बाईंनी पदरचे घातले आणि गप्प बसल्या. निदान त्यांची तशी समजूत होती.

तीन भेटी रडण्यात आणि हिशेबात गेल्या. चौथ्या भेटीत विचारलं, "हे कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"कुणालाच नाही. म्हणजे, आमच्या ह्यांना. बहिणीला. पाळकबाईंना. आणि कॉटेज मीटिंगमध्ये, म्हणजे घरच्या प्रार्थनासभेत, प्रार्थनाविषय म्हणून सांगितलं, पण नाव नाही घेतलं."

"नाव कळलं नसेल?"

"...भिशी एकच आहे आमच्यात."

बोटांवर मोजलं. चौदा माणसं झाली.

"आणि तिला?"

"तिला माहीतच आहे की!"

"तुम्ही सांगितलंत?"

बाई बराच वेळ पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "मत्तयाचा अठरावा अध्याय मी उलटा चालवला."

हे मी सांगितलं असतं तर त्या फक्त मान डोलावून घरी गेल्या असत्या.

बायबलमधल्या मत्तय १८:१५-१७ चा, कुणी आपला अपराध केला तर काय करायचं याचा, क्रम सरळ आहे. आधी दोघांतच बोला. ऐकलं नाही तर एक-दोघांना बरोबर घ्या. मग मंडळीला सांगा. आपण बहुतेकजण तिसऱ्या पायरीपासून सुरुवात करतो, आणि प्रार्थनाविषय म्हटलं की त्याला कुणी चहाडी म्हणत नाही. 'शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर' हे लेवीय १९:१८ सगळ्यांना पाठ असतं. त्याच्याच आधीचं, सतरावं वचन मनात द्वेष धरू नको, शेजाऱ्याला त्याची चूक सांग असं बजावतं. माझ्या मते ही दोन वचनं सुटी करता येत नाहीत. न बोलता केलेल्या क्षमेखाली मला बहुतेक वेळा व्याजासकट चालू असलेली वही सापडली आहे.

पहिलं बोलणं रविवारी चर्चच्या आवारात नको, व्हॉट्सॲपवर तर मुळीच नको. तो मजकूर पुढे जातो. आठवड्यातला एखादा दिवस, अर्धा तास. सुरुवात 'तू फसवलंस' अशी केली की समोरची व्यक्ती स्वतःची अब्रू राखायला उभी राहते, पैसे बाजूलाच पडतात. त्याऐवजी घटना, रक्कम, महिना सांगावा: "ऑक्टोबर ते मार्चचे सहा हप्ते आले नाहीत, ते मी भरले, बारा हजार." मग "काय झालं होतं?" एवढंच विचारून थांबायचं. आणि सुरुवातीलाच लांब प्रार्थना करू नये. त्यात आपली तक्रार शिरते आणि आमेननंतर समोरच्याला उत्तर देता येत नाही.

दुसऱ्या पायरीवरचे साक्षीदार दोघींना मान्य हवेत, एकीच्याच मैत्रिणी नकोत. त्यांनी दोन्ही बाजू ऐकायच्या असतात.

एक मर्यादा मात्र पक्की. मारहाण किंवा लैंगिक छळ झालेल्या माणसाला 'आधी एकांतात बोल' असं कधीही सांगू नये. मुलांवरचा लैंगिक अत्याचार असेल तर पोक्सो कायद्याने (२०१२) तो कळवणं बंधनकारक आहे. मंडळीत मिटवण्याचा तिथे प्रश्नच येत नाही.

बाई तिच्याशी बोलायला गेल्या. हप्ते थांबवलेल्या त्या दुसरीच्या नवऱ्याचं काम सुटलं होतं. "तुम्ही बोलला नाहीत, मला वाटलं सोडून दिलेत. मग प्रार्थनाविषय कानावर आला," ती म्हणाली. मत्तयाच्या त्याच अठराव्या अध्यायातल्या क्षमेच्या दाखल्यात (बोधकथेत) दोन्ही कर्जदार सूट मागत नाहीत, मुदत मागतात. हिनेही तीच मागितली: महिना एक हजार, बारा महिने. हप्ता शनिवारी संध्याकाळी घरी देईन, रविवारी चर्चच्या दारात नाही, ही अटही तिचीच.

तिसऱ्या महिन्यात सातशेच जमले. तसा फोन तिने शुक्रवारीच केला होता.