वाचकांचे प्रश्न : इटलीच्या लहान गावांतून, घाई न करता

प्रश्न : मी, माझी पत्नी, धाकटा भाऊ आणि भावजय असे आम्ही चौघे येत्या मे महिन्यात १२ दिवसांसाठी इटलीला जाणार आहोत. आमचा चादरींचा पिढीजात व्यवसाय होता. तीन वर्षांपूर्वी माग बंद केले आणि आता थोडी सवड मिळाली आहे. भावाने रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस आणि १४ लहान गावे अशी यादी केली असून सगळा प्रवास भाड्याच्या मोटारीने करायचा, असे त्याचे म्हणणे आहे. आम्हा दोघा भावांना सोलापूर–पुणे रस्त्याची चांगली सवय आहे. मात्र पत्नीचे गुडघे दुखतात आणि आम्हा सर्वांना सावकाशच फिरायचे आहे. यादीतून काय ठेवावे आणि काय गाळावे?
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : आपल्याला सावकाश फिरायचे आहे, हे वाचून मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच यादीबद्दल स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. १२ दिवसांत १७ ठिकाणे पाहायची म्हटले की बहुतेक दिवस सकाळी सामान बांधण्यात, दुपारी नव्या मुक्कामाचा पत्ता शोधण्यात आणि संध्याकाळी गाडी लावायला जागा शोधण्यात जातात. फ्लॉरेन्स आणि व्हेनिस या खेपेस पूर्णपणे सोडून द्यावीत. ती रेल्वेने जाऊन पायी पाहण्याची शहरे आहेत, आणि व्हेनिसमध्ये तर मोटार शहराच्या तोंडाशीच ठेवावी लागते. लहान गावांच्या यादीतून मुक्कामासाठी फक्त दोन गावे निवडावीत. बाकीच्यांपैकी जी या दोन मुक्कामांच्या आसपास येतील ती पाहावीत, जी येणार नाहीत ती राहू द्यावीत.

आपल्याजवळ ११ रात्री आहेत. त्यांपैकी पहिल्या दोन रोममध्ये, चार तोस्काना प्रांतातील पिएन्झाजवळ, चार उंब्रिया प्रांतातील बेवान्या येथे आणि शेवटची एक रोमच्या विमानतळाजवळ, अशी विभागणी मी सुचवेन. रोममध्ये मोटार घेऊच नये. तिसऱ्या दिवशी सकाळी रेल्वेने ओर्व्हिएतोला जावे, हा प्रवास सव्वा तासाच्या आसपास आहे. भाड्याची गाडी तेथून घ्यावी आणि परतताना विमानतळावर सोडावी. गाडी एका ठिकाणी घेऊन दुसरीकडे सोडल्याबद्दल जादा आकार पडतो, पण राजधानीच्या गर्दीत, उजव्या बाजूने गाडी चालवण्याचा पहिला धडा गिरवण्यापेक्षा तो आकार देणे केव्हाही चांगले. लहान गावांतील भाड्याच्या गाड्यांची कार्यालये दुपारी बंद असू शकतात, म्हणून गाडी ताब्यात घेण्याची वेळ नोंदणी करतानाच पक्की करावी.

अंतरांचा अंदाज सोलापूर–पुणे रस्त्यावरून बांधू नये, ही भावाला माझी विशेष विनंती आहे. अडीचशे किलोमीटरचा तो रस्ता आपण चार-साडेचार तासांत संपवता. पिएन्झाच्या आसपासच्या वाल दोर्चा खोऱ्यातले रस्ते टेकड्यांच्या कडेकडेने वळणे घेत जातात आणि साठ-सत्तर किलोमीटरला दीड तास सहज लागतो. शिवाय दर वळणावर थांबावेसे वाटते, कारण मे महिन्यात तेथील गव्हाची शेते हिरवीगार असतात आणि बांधांवर लाल खसखशीची रानफुले उमललेली असतात. एप्रिल-मे महिन्यांतला सोलापूरचा उन्हाळा सोसून तेथे पोहोचल्यावर ही हिरवाई डोळ्यांना किती सुख देईल, ते मी वेगळे सांगायला नको. या खोऱ्याला युनेस्कोने २००४ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा दिला तो कोणत्याही एका इमारतीसाठी नव्हे. माणसाने शेती करत करत घडवलेल्या भूदृश्यासाठी तो दिला आहे. मुक्काम बदलण्याचे दिवस सोडले तर दिवसाला एकूण ऐंशी किलोमीटरपेक्षा अधिक गाडी चालवायची नाही, असा नियम घरूनच ठरवून निघावे.

ओर्व्हिएतो हे गाव ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ दगडाच्या उंच कड्यावर वसले आहे आणि स्थानकापासून वर जायला दोरखंडाने ओढली जाणारी छोटी रेल्वे आहे. १९९९ मध्ये ओर्व्हिएतो, ग्रेव्हे इन किआंती, ब्रा आणि पोझितानो या चार गावांच्या नगराध्यक्षांनी मिळून ‘चित्तास्लो’, म्हणजे संथ गावांची, चळवळ सुरू केली. ५० हजारांपेक्षा कमी वस्तीच्याच गावांना तिच्यात स्थान मिळते आणि गोगलगाय हे तिचे चिन्ह आहे. आपली मोटारयात्रा याच गावातून सुरू व्हावी, हे मला फार योग्य वाटते. रोममध्ये १५२७ साली लुटालूट झाल्यावर पोप सातवे क्लेमेंट येथे आश्रयाला आले होते. वेढा पडला तर पाणी मिळावे म्हणून त्यांनी खोल विहीर खणवली. तिच्यात दोन स्वतंत्र गोल जिने असे गुंफले आहेत की पाणी आणायला उतरणारी खेचरे आणि पाणी घेऊन चढणारी खेचरे यांची कधी गाठच पडू नये. आपल्याकडच्या बारवा पाहिलेल्या माणसाला ती पाहण्याची ओढ वाटणारच. तथापि पायऱ्या २४८ आहेत, तेव्हा गुडघे दुखणाऱ्या वहिनींनी, म्हणजे आपल्या पत्नीने, उतरू नये. तेवढा वेळ त्यांनी १२९० मध्ये बांधकाम सुरू झालेल्या कॅथेड्रलच्या दर्शनी भिंतीसमोर बसून काढावा. गुरुवारी किंवा शनिवारी पोहोचल्यास गावचा आठवडी बाजारही भेटेल.

पहिल्या मुक्कामासाठी पिएन्झा सुचवण्याचे कारण गुडघ्यांशी निगडित आहे. या भागातील बहुतेक गावे शत्रूपासून बचावासाठी टेकडीच्या माथ्यावर बांधलेली असल्याने त्यांच्या गल्ल्या चढणीच्या आहेत. शेजारचे मोंतेपुल्चानो सुंदर असले तरी तेथील मुख्य रस्ता चौकापर्यंत सतत चढत जातो. पिएन्झाही टेकडीवरच आहे, पण आत शिरल्यावर ते बरेचसे सपाट आहे. पोप दुसरे पायस यांचा जन्म १४०५ मध्ये येथे झाला. तेव्हा या खेड्याचे नाव कोर्सिन्यानो होते. पुढे पोप झाल्यावर त्यांनी बेर्नार्दो रोस्सेल्लिनो या वास्तुकाराकडून आपल्या जन्मगावाचे एका आदर्श नगरात रूपांतर करून घेतले. मुख्य चौक, चर्च आणि राजवाडा ही कामे १४५९ ते १४६२ या अवघ्या तीन वर्षांत उभी राहिली. दिवसा येथे पर्यटकांच्या बस येतात आणि सायंकाळी जातात. त्यानंतर चौकातल्या दगडी बाकांवर गावची म्हातारी माणसे येऊन बसतात. त्यांच्या शेजारी जाऊन बसायचे, तर मुक्काम तेथेच हवा. चार रात्री राहिल्यावर बेकरीतली बाई दुसऱ्या दिवशी ओळख दाखवते, तिसऱ्या दिवशी आपल्याला काय हवे ते विचारत नाही. मला स्वतःला प्रवासात याहून मोलाचे फारसे काही मिळालेले नाही. एखादी दुपार बान्यो विन्योनी येथे घालवावी. तेथे गावच्या चौकाच्या जागी गरम पाण्याचे मोठे कुंड आहे. त्यात उतरण्यास मनाई असली तरी काठावर बसण्यासारखी दुसरी जागा नाही.

शक्य असल्यास गावाच्या अगदी लगतच्या ‘आग्रितुरिस्मो’मध्ये राहावे. या शेतघरांसाठी इटलीने १९८५ मध्ये स्वतंत्र कायदा केला. शेती हाच मुख्य व्यवसाय असलेल्या कुटुंबालाच असे पाहुणे ठेवता येतात, त्यामुळे केवळ नावापुरते शेत दाखवता येत नाही. अनेक ठिकाणी स्वयंपाकघरासह खोल्या मिळतात आणि गाडी अंगणात लावता येते. हुरड्याच्या दिवसांत शेतावर जाऊन राहणाऱ्या सोलापूरकरांना तेथे परके वाटणार नाही.

दुसरा मुक्काम शंभर-सव्वाशे किलोमीटरवरच्या बेवान्याला. हे गाव डोंगरावर नाही, मैदानात आहे, म्हणून वहिनींना सकाळ-संध्याकाळ एकट्यानेही फिरता येईल. असिसी, स्पेल्लो आणि मोंतेफाल्को ही तिन्ही गावे येथून पंचवीस-तीस किलोमीटरच्या आत आहेत. मध्ययुगातील कागद, मेणबत्त्या आणि रेशीम बनवण्याच्या पद्धती बेवान्याच्या गावकऱ्यांनी पुन्हा शिकून घेऊन जिवंत ठेवल्या आहेत. आपला व्यवसाय लक्षात घेता एक दिवस पेरुजा शहरासाठी अवश्य राखावा, यादीतली आणखी तीन गावे गाळावी लागली तरी चालेल. तेथे सान फ्रांचेस्को देल्ले दोन्ने नावाच्या तेराव्या शतकातल्या जुन्या चर्चमध्ये आज हातमाग चालतात. जॅकार्ड या नक्षी विणणाऱ्या यंत्रणेचे हातमाग चर्चच्या कमानींखाली मांडलेले आहेत आणि पांढऱ्या कापडावर निळ्या पट्ट्यांत पक्षी, सिंह व झाडे विणण्याची उंब्रियाची जुनी परंपरा तेथे पुढे चालवली जाते. भेटीची वेळ आधी कळवून ठरवावी. ज्याने आयुष्यभर ताणा-बाणा हाताळला आहे, त्याला दुभाष्याची गरज भासणार नाही, आणि आपले माग बंद झाल्याचे दुःख ज्या माणसांना खरोखर समजेल, अशी माणसे तेथे भेटतील.

तारखा थोड्या पुढे ढकलता आल्या तर आणखी एक गोष्ट सुचवतो. ईस्टरनंतरच्या नवव्या रविवारी, म्हणजे मेअखेरीस किंवा जूनमध्ये, स्पेल्लोच्या गल्ल्यांत फुलांच्या पाकळ्यांचे गालिचे अंथरले जातात. आदल्या रात्रभर सारे गाव रस्त्यावर बसून ते रचते आणि सकाळी त्यांवरून धार्मिक मिरवणूक जाते. गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांच्या मार्गावर काढलेल्या रांगोळ्या ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना त्या रात्रीच्या जागरणाचा अर्थ लगेच कळेल.

आता गाडीबद्दल. सर्वांत महत्त्वाची बाब म्हणजे ‘झोना अ त्राफिको लिमितातो’, म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग. जुन्या वस्तीच्या वेशीवर पांढऱ्या फलकावर लाल वर्तुळ असते आणि कॅमेरा परवानगी नसलेल्या प्रत्येक गाडीचा क्रमांक टिपतो. एका गावात मार्गदर्शक नकाशावर विसंबून मी अशी वेस ओलांडली आणि लगेच मागे फिरलो. दंडाची नोटीस पाच महिन्यांनी घरी आली. परदेशी चालकाला ती ३६० दिवसांपर्यंत पाठवता येते. भाड्याची गाडी देणारी कंपनी आपले नाव कळवण्याचा आकार क्रेडिट कार्डावरून वेगळा कापून घेते आणि तो दंडात धरला जात नाही. म्हणून गाडी नेहमी तटबंदीबाहेरच्या वाहनतळावर लावावी. मुक्काम वेशीच्या आत असल्यास गाडीचा क्रमांक घरमालकाला आधी कळवून नोंदवून घ्यावा. निळ्या रेषांत पैसे भरून, पांढऱ्या रेषांत बहुधा विनामूल्य गाडी लावता येते. पिवळ्या रेषा राखीव जागांच्या असतात. वर्तुळाकार चौकात डावीकडून येणाऱ्यांना आधी जाऊ द्यावे, वस्तीबाहेर दिवसाही दिवे चालू ठेवावेत. वेगमर्यादा गावात ५०, साध्या रस्त्यांवर ९० आणि द्रुतगती मार्गावर १३० असली तरी पावसात ती ११० होते. पथकर नाक्यावर पिवळ्या मार्गिकेत शिरू नये, ती यंत्र बसवलेल्या गाड्यांसाठी असते. चौघांचे सामान लहान गाडीच्या डिकीत मावत नाही, हे गाडी निवडतानाच लक्षात घ्यावे.

प्रश्न : इटलीत गाडी चालवण्यासाठी आणि व्हिसासाठी कोणती कागदपत्रे लागतात?
— एक वाचक, होटगी रस्ता, सोलापूर

उत्तर : आपल्या परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून मिळतो, एक वर्ष चालतो आणि मूळ परवाना जवळ नसेल तर निरुपयोगी ठरतो. अनामतीसाठी क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचे हवे. पत्नीचे किंवा मुलाचे कार्ड बहुधा स्वीकारत नाहीत. दोघे चालवणार असतील तर दुसऱ्याचेही नाव करारात घालावे, अन्यथा विम्याचे संरक्षण मिळत नाही. इटलीसाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि उन्हाळ्याच्या गर्दीत शेवटच्या १५ दिवसांपर्यंत थांबणे धोक्याचे आहे. प्रवास विम्याची रक्कम किमान ३० हजार युरो असावी लागते. मुक्कामांची नोंदणी रद्द करता येईल अशीच करावी.

प्रश्न : आम्ही मांस, मासे, अंडी खात नाही. लहान गावांत आमची उपासमार होईल का?
— एक वाचिका, सोलापूर

उत्तर : उपासमार मुळीच होणार नाही. पण चौकशी मात्र नेमकी करावी लागेल. तोस्काना हा गरीब शेतकऱ्यांच्या स्वयंपाकाचा प्रांत आहे आणि शिळी पोळी वाया न घालवणाऱ्या घरातल्या बाईला तो लगेच आपलासा वाटेल. शिळ्या पावाचे टोमॅटोबरोबर शिजवलेले ‘पाप्पा अल पोमोदोरो’, पाव, घेवडा आणि काळसर पालेभाजीचे ‘रिबोल्लिता’, हाताने वळलेल्या जाड शेवयांसारखे ‘पिची’ हे सगळे तेथे घरोघरी होते. पिची बहुधा पीठ आणि पाण्याचेच असतात, पण इतर ताज्या पास्त्यात अंडे असते, म्हणून ‘सेन्झा उओवा’, म्हणजे अंड्याशिवाय, असे सांगावे. सूप मांसाच्या पाण्यात शिजवलेले नाही ना, हेही विचारावे. पाव अळणी असतो. ती चूक नाही, तेथील रीत आहे.

चीजबाबत अधिक काळजी घ्यावी. पार्मिजानो रेज्जानो हे चीज नियमानुसार वासराच्या जठरातील रेनेटनेच, म्हणजे दूध गोठवणाऱ्या अर्कानेच, बनते, आणि ते किसून जवळपास प्रत्येक पदार्थावर घालतात; नको असल्यास आधीच सांगावे. वनस्पतिजन्य रेनेटच्या चीजवर ‘काल्यो व्हेजेताले’ असे लिहिलेले असते. दुपारचे जेवण साडेबारा ते अडीच आणि रात्रीचे साडेसात वाजल्यानंतरच मिळते. मधल्या वेळी स्वयंपाकघरे बंद राहतात, म्हणून पिशवीत काहीतरी असू द्यावे.

युरोपात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ नेण्यास मनाई आहे, तेव्हा पेढे, खवा आणि तूप घरीच ठेवावे. ताजा कढीपत्ता आणि हिरव्या मिरच्याही नेऊ नयेत. शेंगा चटणी आणि कडक भाकरी मात्र खुशाल न्यावी. आठ-दहा दिवस तिला काही होत नाही, आणि शेतघरातल्या गरम डाळीबरोबर ती चुरून खाता येते. फक्त ती हातातल्या पिशवीत ठेवावी; मोठ्या बॅगेत घातलेल्या भाकरीचा विमानतळावर पोहोचेपर्यंतच चुरा झालेला असतो.