कॅनडातल्या कॅल्गरीसारख्या थंड शहरात काँक्रीटचा स्लॅब टिकावा म्हणून सळई किती टाकावी?

तुम्ही लिहिलंय की मागच्या अंगणात पॅटिओ (बसायला काँक्रीटचा उघडा ओटा) टाकायचाय, शेजाऱ्याचा चार हिवाळ्यांत उखडला, म्हणून दुप्पट सळई घालून टाकावी असा विचार आहे. सळईचं उत्तर एका ओळीत देतो: १० एमची (म्हणजे साधारण ११ मिलिमीटर जाड सळईची) जाळी, दर ४०० मिलिमीटरवर एक सळई, कव्हर ब्लॉकवर, म्हणजे काँक्रीटच्या छोट्या ठोकळ्यांवर, उचललेली. खडीवर लोळत पडलेली नको. संपलं. सळईनं थंडी अडत नाही. भेग पडली तर दोन तुकडे एकमेकांना धरून राहतात, एवढंच तिचं काम. शेजाऱ्याचा पॅटिओ वरून पोपडे सुटून गेला असणार, आणि वरच्या पाच मिलिमीटरांत सळई नसतेच.

त्या पाच मिलिमीटरांवरून आमच्या घरात सहा वर्षं वाद चालू आहे, म्हणून हे उत्तर लिहायला बसलो.

माझे मेहुणे, म्हणजे बायकोचे थोरले भाऊ, सांगलीकडे बांधकामाचे ठेकेदार. ऑगस्टमध्ये आमच्याकडे राहायला आले. पॅटिओसाठी मी इथल्या दोघांकडून दर मागवले होते. दादांनी आकड्याला रुपयांनी गुणलं आणि म्हणाले, "दाजी, एवढ्यात मी सांगलीत वरचा मजला चढवून देतो. आपण दोघं मिळून टाकू की." पाहुणा माणूस, त्यात वयानं मोठा. आणि खरं सांगायचं तर पैसे वाचतायत म्हटल्यावर मीही फार ताणून धरलं नाही.

खालचं काम त्यांनी असं केलं की आजही नाव ठेवायला जागा नाही. घराच्या भिंतीलगतची माती ही पाया खणून परत भरलेली असते, ती वर्षानुवर्षं बसत राहते, आणि मग स्लॅब घराकडे कलतो. पावसाचं पाणी थेट तळघरात. दादांनी तिथली माती पायानं दाबून बघितली आणि दोन फूट उकरायलाच लावली. भाड्यानं कॉम्पॅक्टर आणला, १५० मिलिमीटर खडीचे दोन थर धुमसून घेतले, भिंतीपासून बाहेर मीटरला २० मिलिमीटर उतार काढला. इथली चिकणमाती पाणी धरून ठेवते, हिवाळ्यात जमीन मीटरभर खोल गोठते आणि ती माती फुगून स्लॅब उचलते. खाली खडी आणि पाण्याला वाट असली की ते पुष्कळ कमी होतं. दादांना जमीन गोठण्याचं काही ठाऊक नव्हतं. त्यांना फक्त पाणी साचू द्यायचं नव्हतं. सहा वर्षांत आमचा स्लॅब सूतभरही बसलेला नाही.

घोळ झाला तो ट्रक आल्यावर.

६ बाय साडेचार मीटर, १०० मिलिमीटर जाड, म्हणजे सांडलवंड धरून ३ घनमीटर माल. मी सी-२ वर्गाचं काँक्रीट सांगितलं होतं. इथे उघड्यावरच्या, बर्फ वितळवायला मीठ पडणाऱ्या स्लॅबला तेच लागतं: ३२ एमपीए ताकद (एमपीए म्हणजे काँक्रीट किती दाब सोसतं त्याचं माप), पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४५च्या आत, आणि मालात ५ ते ८ टक्के हवा. (हा ३२चा आकडा भारतातल्या एम-३० प्रतीच्या आसपासचा समजू नका. आपल्याकडे घनाची चाचणी, इथे सिलिंडरची. आपल्या हिशेबात ते एम-४०च्या जवळ जातं. दादांना हे सांगितलं तर म्हणाले, "अंगणाला एम-४०? धरण बांधताय का?")

हवेचं त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. जन्मभर ज्या माणसानं व्हायब्रेटर लावून मालातली हवा काढली, त्याला मी सांगत होतो की इथे रसायन घालून मुद्दाम हवा भरतात. पण गोष्ट साधी आहे. पाणी गोठताना ९ टक्के फुगतं. काँक्रीटच्या बारीक छिद्रांत शिरलेल्या पाण्याला फुगायला जागा मिळाली नाही तर ते काँक्रीट फोडतं. हे डोळ्यांना न दिसणारे बुडबुडे म्हणजे त्या पाण्यासाठी ठेवलेली ओसरी. आणि आपल्या कॅल्गरीत ही ओसरी फार लागते, कारण इथे हिवाळ्यात चिनूक, म्हणजे डोंगरांवरून उतरणारा उबदार वारा, वाहतो. सकाळी उणे १८, दुपारी अधिक ६, रात्री पुन्हा उणे. विनिपेगची थंडी आपल्यापेक्षा कडक, पण तिथे नोव्हेंबरात गोठलं की बरंचसं मार्चपर्यंत गोठलेलंच राहतं. काँक्रीटला थंडी मारत नाही, हे सारखं गोठणं-वितळणं मारतं.

तर, ट्रकच्या घसरगुंडीतून माल उतरायला लागला आणि दादा ओरडले, "दाजी, माल लय घट्ट आलाय. पाणी सोडाय सांगा!" ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. ती मान हलवल्याचं मला आजही वाईट वाटतं. घनमीटरला पाचेक लिटर पाणी वाढवलं की माल इंचभर सैल होतो आणि ताकद साधारण दीड एमपीएनं उतरते. ड्रायव्हरनं किती सोडलं ते मोजलं कुणी?

ढकलगाडीच्या पन्नासेक खेपा, पट्टी मारणं, सगळं झालं. मग दादांनी कला दाखवायला घेतली. वर सुटलेलं पाणी उडून जाईपर्यंत थांबायचं असतं. त्यांनी ते तसंच रंध्यानं आत घोटलं. जिथे ओढ बसत नव्हती तिथे हातानं पाण्याचा शिंतोडा. त्यावर कोरडं सिमेंट भुरभुरलं. मग लोखंडी थापी, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. "आरशागत करून देतो," म्हणाले, आणि केलं. मावळतीचं ऊन त्यात चमकत होतं. माझ्या बायकोनं फोटो काढून माहेरच्या ग्रुपवर टाकला. सांगलीत घराच्या आतला कोबा असाच करतात आणि तो पिढ्यान्‌पिढ्या टिकतो. इथे उघड्यावर त्यानं काय होतं? घोटून घोटून वरच्या थरातली हवा निघून जाते, पाणी वर येऊन थर कच्चा होतो, आणि जिथे ओसरीची सगळ्यात जास्त गरज तिथेच ती बुजते.

फाटकाजवळचा कोपरा तेवढा राहिला. दादांना सांगलीच्या साइटवरून फोन आला, अंधारून आलं, माल आवळत चालला. बायकोनं गॅरेजमधला दांड्याचा झाडू घेतला आणि त्या दीड-दोन मीटरच्या तुकड्यावर एका दिशेनं ओढून दिला. दादा फोन ठेवून आले आणि म्हणाले, "घाण केलीस की सगळी."

एप्रिलमध्ये बर्फ गेला तेव्हा आरशाचे पापुद्रे सुटत होते. जून लागेपर्यंत खाली खडी दिसायला लागली. झाडूचा कोपरा आज सहा हिवाळ्यांनंतरही जसाच्या तसा आहे, झाडूच्या रेघांसकट.

दादांचं म्हणणं ठरलेलं: "तुम्ही मीठ टाकलंत, दाजी." हो, टाकलं. आणि हे मी आधीच सांगायला हवं होतं: पहिल्या हिवाळ्यात नव्या काँक्रीटवर मीठ टाकायचंच नाही, नुसती वाळू टाकायची. खताच्या दुकानातली अमोनियमवाली बर्फवितळणी तर कधीच नाही, ती काँक्रीटलाच खाते. मी साधं मीठ टाकलं, चांगल्या दोन पिशव्या. पण सगळ्यात जास्त मीठ पडलं ते फाटकाच्या कोपऱ्यात, कारण ये-जा तिथून. तोच ट्रक, तेच जास्तीचं पाणी, मीठ सर्वांत जास्त, आणि तोच कोपरा शाबूत. आता सांगा, दोष कुणाचा? (या हिशेबानं ट्रकमधल्या पाण्याचा आरोप मला थोडा मागे घ्यावा लागतो, हे कळतंय मला. पण थापीचा नाही.)

दुसरी चूक माझी, तारखेची. आम्ही २० सप्टेंबरच्या सुमारास माल टाकला. ताज्या काँक्रीटला पहिल्यांदा गोठण्याआधी किमान साडेतीन एमपीए ताकद यावी लागते, ती दोनेक दिवसांत येते. पण वारंवार गोठणं-वितळणं आणि मीठ सोसायला २८च्या आसपास लागते, आणि वर महिनाभर कोरडं व्हायला सवड. या गावात २०१४ला सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ पडून झाडं मोडली होती. तुम्ही जून-जुलैत टाका. सात दिवस ओलं ठेवा. दादांचं "पाणी मारा, पाणी मारा" हे इथल्या कोरड्या हवेत शंभर टक्के बरोबर आहे, फक्त सांगलीसारखं दोन आठवडे आळी करून भरून ठेवू नका. दर अडीच-तीन मीटरवर २५ मिलिमीटर खोल काप, दुसऱ्या दिवशीच्या आत. भिंतीला चिकटवू नका, मध्ये फायबरची पट्टी घाला. महिन्यानंतर आत मुरणारा, सिलेन नावाच्या रसायनाचा सीलर. वर चकाकणारा नको. जाडी १०० पुरे, गाडी चढणार असेल तर १२५.

सुटलेल्या भागावर सिमेंटचा पातळ गिलावा मारा, असं दादा दरवर्षी सांगतात. एकदा मारला. एका हिवाळ्यात निघाला.

मागच्या रविवारी व्हिडिओ कॉलवर मी त्यांना फोन फिरवून तो कोपरा दाखवला, अगदी जवळून, रेघांसकट. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "तितं ऊन लागत नसंल."

कोपरा दक्षिणेला आहे.